बिनखिळ्याचा भाडेकरू

भाड्याच्या घरातले स्वयंपाकघर स्वतःच्या खर्चाने, पण भिंतीत एकही खिळा न ठोकता सजवणारा माणूस म्हणजे बिनखिळ्याचा भाडेकरू. तो महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. जळगावच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर, भुसावळच्या वाटेवरच्या नशिराबादला त्याची वस्ती बऱ्यापैकी आहे. नोकरी जळगावच्या एमआयडीसीत किंवा भुसावळला रेल्वेत, पगार बेताचा आणि शहरातले भाडे पगाराच्या चार पावले पुढे, हे सगळे जुळून आले की माणूस महामार्गालगतच्या या गावी दोन खोल्या बघू लागतो. वय तिशीच्या आतबाहेर. लग्नाला दीड-दोन वर्षे झालेली. मोबाइलवर परक्यांची स्वयंपाकघरे पाहत जागण्याचा नाद. त्याचे सर्वांत ठळक लक्षण मात्र वेगळेच आहे: त्याला स्वयंपाक येत नाही. चहा येतो, पण तोही साखरेचा डबा कुठला ते विचारून.

स्वयंपाक न येणाऱ्याने स्वयंपाकघर घडवावे यात नवल वाटायचे कारण नाही. जर्मनीत फ्रँकफुर्टला 1926 साली भाड्याच्या घरांसाठी एक छोटे स्वयंपाकघर आखले गेले. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असलेले हे स्वयंपाकघर पुढे जगभर नावाजले. ते आखणाऱ्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी उतारवयात मोकळेपणाने सांगून टाकले की तेव्हा आपल्याला स्वयंपाकातले काहीच कळत नव्हते. पण त्यांनी निदान ओट्यापाशी वावरणाऱ्या बाईच्या हालचालींचा हिशेब मांडला होता. नशिराबादचा गृहस्थ फक्त भिंत मोजतो.

ही भिंत ज्या खोलीची असते, ती साधारण सात फूट बाय आठ फूट. एका अंगाला कडाप्प्याचा ओटा, त्याला लागून मोरी, खाली कोपरे उडालेली शहाबादी फरशी, डोक्यावर माळा आणि पश्चिमेला ताटाएवढी खिडकी. भिंतीला डिस्टेंपर. त्याचा रंग घरमालक ‘क्रीम’ म्हणून सांगतो. ओट्याच्या वर दोन फुटांपर्यंत मागच्या तीन बिऱ्हाडांच्या फोडण्या थराथराने साचलेल्या असतात. जाणत्या बाईला शेवभाजीची तर्री कुठली आणि वरणाची फोडणी कुठली, हे त्यात वेगळे ओळखता येते.

भिंतीत जुने तीन खिळे असतात. घर दाखवताना घरमालक ते मोजून दाखवतो. “घर तुमचंच समजा भाऊ, फक्त खिळा ठोकू नका,” हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक घरमालकाला मुखोद्गत आहे, आणि त्यातला पूर्वार्ध कोणीही मनावर घेत नाही.

कायदा या बाबतीत घरमालकापेक्षा उदार निघाला. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम केल्यास भाडेकरूला बाहेर काढता येते, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 सांगतो आणि लगेच खुलासा करतो की लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेला स्वयंपाकाचा उभा ओटा, लाकडी पडदी, हवेसाठी पाडलेली खिडकी किंवा धुराडे हे कायमचे बांधकाम समजायचे नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ओटासुद्धा तात्पुरता, तर घरमालकाच्या लेखी खिळासुद्धा कायमचा. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस या वादात पडत नाही. तो कायदा वाचत नाही, करारही वाचत नाही. त्याला अनामत रकमेचा आकडा तेवढा पाठ असतो.

सजावटीचे अंदाजपत्रक पाच हजारांचे. त्यातला मोठा वाटा पांढऱ्या संगमरवराचा. हा संगमरवर कागदाच्या गुंडाळीत येतो, मागे गोंद लावलेला असतो आणि त्यावर करड्या शिरा छापलेल्या असतात. रविवारी जेवण उरकले की मेहुण्याला शिडीवर चढवून तो चिकटवायला घेतात. बुडबुडे राहू नयेत म्हणून एटीएमचे कार्ड फिरवायचे, राहिलेच तर सुईने टोचायचे, असे शास्त्र आहे. भिंत आधी पुसून कोरडी करावी हेही शास्त्रातच आहे. परंतु फोडणीचा थर पुसताना हाताला डिस्टेंपर लागू लागते, म्हणून ते कलम वगळले जाते. संध्याकाळी दिवा लावल्यावर ओटा राजस्थानातून आल्यासारखा दिसतो. फोटो निघतात. पुण्याच्या मावसभावाचा अंगठा येतो.

चैत्रापर्यंत हे टिकते. पुढे जळगावचा पारा 44-45 अंशांना टेकतो, पश्चिमेची भिंत दिवसभर तापते, आत शेगडी चालू असते, आणि गोंद मऊ होऊन संगमरवराचे कोपरे तळलेल्या पापडासारखे वळू लागतात. त्या खोबणीत तेल शिरते. तेलामागून झुरळ शिरते. हळदीचे डाग पांढऱ्यावर पडतात ते पडतातच. खिडकीतून ऊन येते तेवढ्या पट्ट्यात मात्र ते आपोआप फिके होतात, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. त्यामुळे संगमरवराला एक पांढरा पट्टा आणि बाकी पिवळा रंग, असे नवेच रूप येते. घरमालकाला हे आवडते. त्याला ते मुद्दाम केलेले वाटते.

चिकटणाऱ्या हुकांची कथा याहून छोटी आहे. पुडक्यावर पाच किलो वजन पेलण्याची हमी असते आणि ती खोटी नसते. हूक डिस्टेंपरला सोडत नाही. डिस्टेंपर भिंतीला सोडते. हे बहुधा रात्री दोनच्या सुमाराला घडते, आणि झारा, पळी, किसणी व भिंतीचा रुपयाएवढा टवका मिळून पातेल्यावर आपटतात. दुसऱ्या दिवशी गृहस्थ नव्या कंपनीचे हूक मागवतो.

फरशी झाकण्याचा प्रश्न मात्र जळगावकरांना कधीच पडत नाही. प्लास्टिकची चटई विणणारे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. ओळखीने सेकंडचा माल मिळतो, ज्यात मोराला दोन माना किंवा वेलीला अर्धेच फूल असते. चटई हलकी, धुवायला सोपी, स्वस्त. एकच दोष, ती गरम तवा ओळखते. पहिल्या महिन्याअखेर मोरीजवळ तव्याच्या मापाचे गोल भोक पडलेले असते आणि त्यातून शहाबादी फरशी पुन्हा दर्शन देते. ठिबक सिंचनाच्या उरलेल्या नळीत लावलेला पुदिना, कापलेल्या पीव्हीसी पाइपातले चमचे, केळीच्या कॅरेटमध्ये रचलेले कांदे-बटाटे या वस्तू मात्र उत्तम चालतात. तो त्यांना सजावट समजत नाही, म्हणूनही असेल. खिडकीला फुटक्या बांगड्यांचे तोरण लावणारेही काहीजण असतात. इंपिरियल गॅझेटियर नशिराबादची ओळख काचेच्या बांगड्या घडवणारे गाव अशी करून देते, हे त्यांच्या गावी नसते. त्यांनी ती कल्पना मोबाइलवर पाहिलेली असते. दिव्यांची माळ लावतात. ती दिवाळीनंतर बंद पडते.

खरा संघर्ष बरण्यांवरून. गृहस्थाला सगळ्या बरण्या एका मापाच्या, एका झाकणाच्या आणि इंग्रजी चिठ्ठीच्या हव्यात. त्याच्या बायकोकडे असतात तेलाचे पत्र्याचे डबे, माहेरून आलेले व नाव कोरलेले स्टीलचे डबे, आणि आईने दिलेली काळ्या मसाल्याची काचेची बरणी. एका मापाच्या बरण्यांचा तोटा असा की कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद जास्त लागतात, जिरे चिमूटभर लागते आणि बरणी दोघांना सारखीच मिळते. पंधरा दिवसांत जिऱ्याच्या बरणीत चहापत्ती, साखरेच्या बरणीत मुगाची डाळ आणि मिठाच्या बरणीत विजेची बिले राहायला येतात. चिठ्ठ्या जागच्या जागी. बायको भांडत नाही. “अहो, छान दिसतंय,” म्हणते आणि तो कामाला गेला की हव्या त्या वस्तू हाताशी आणून ठेवते. संध्याकाळी तो त्या पुन्हा रांगेत लावतो. हा व्यवहार अकरा महिने एक शब्दही न बोलता चालू राहतो. भाड्याच्या घरातले हे सर्वांत टिकाऊ बांधकाम होय.

हिवाळ्यात भरिताची वांगी बाजारात येतात आणि सजावटीची खरी परीक्षा होते. ती वांगी शेतात कपाशीच्या काट्यांवर भाजायची असतात. सात बाय आठच्या खोलीत ती गॅसवर भाजली जातात, कारण सासरची चौदा माणसे नवे स्वयंपाकघर बघायला आलेली असतात. वांग्याचे पाणी शेगडीत, साल हवेत आणि धूर संगमरवरावर. मिरची परतल्यावर पाहुणे खोकत बाहेर जातात आणि अंगणात बसून म्हणतात, “भरीत जमलंय हं.” स्वयंपाकघराचा विषय निघत नाही. गृहस्थ रात्री साबणाच्या पाण्याने भिंत पुसतो, तेव्हा करड्या शिरा फडक्याला लागून येतात.

अकरा महिने सरता सरता घरमालक एकदा आत डोकावतो, मान डोलावतो आणि स्वयंपाकघर आता चांगले झाल्यामुळे भाडे वाढवावे लागेल असे सांगतो. यातला तर्क ऐकणाऱ्याला पेलत नाही, बोलणाऱ्याला पेलतो. बिनखिळ्याचा भाडेकरू दुसरी खोली बघतो. ती बहुधा दोन गल्ल्या पलीकडे असते, आणि तिचे स्वयंपाकघर सहा बाय आठचे.

सामान हलवण्याच्या दिवशी संगमरवर ओढून काढतात. त्याच्याबरोबर डिस्टेंपर येते, डिस्टेंपरबरोबर त्याखालचा चुना येतो, आणि भिंतीवर एखाद्या अनोळखी देशाचा नकाशा उमटतो. रंगाचे पैसे अनामतीतून वजा होतात. मग घरमालक खिळे मोजतो. एक, दोन, तीन. दाराआड, ओट्यापासून हात लांबवला की बरोबर पोहोचेल अशा उंचीवर, चौथा.

गृहस्थ देवाची शपथ घेतो की आपण या घरात खिळा ठोकलेला नाही, आणि ते अक्षरशः खरे असते. बायको तोवर टेंपोत जाऊन बसलेली असते. मांडीवर काळ्या मसाल्याची बरणी, आणि बरणीवर आडवी ठेवलेली सांडशी. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो कामाला गेल्यावर, तिने वरवंट्याने तो खिळा ठोकला होता. सांडशी अकरा महिने तिथेच टांगलेली होती. त्याला ती कधी दिसली नाही.