ताशी चार मैलांचे सरखेल

सेवानिवृत्तीनंतर ज्याला एकाएकी शांततेचा साक्षात्कार होतो, आणि त्या साक्षात्काराच्या प्रचारापायी जो भोवतालच्या कोणालाही शांत बसू देत नाही, तो गृहस्थ वाचकांच्या परिचयाचा असणारच. आपल्याकडे तो निसर्गोपचाराला लागतो आणि पहाटे उठून दुसऱ्यांच्या चहाची निंदा करतो. इंग्लंडात त्याला निवृत्तिवेतनाची जोड मिळाली, की तो कालव्यावरची अरुंद नाव विकत घेतो. या उन्हाळ्यात लेस्टर येथे कन्येकडे मुक्कामास असताना असा एक नमुना माझ्या वाट्याला आला. तिच्याच कचेरीतून ते निवृत्त झालेले. "चार दिवस आमच्या नावेवर या, शांतता काय असते ते कळेल," असे त्यांनी मला बोलाविले, आणि शांततेची माझी तशी काही तक्रार नव्हती तरी मी गेलो.

त्यांना मी मनातल्या मनात 'सरखेल' हे पद बहाल केले. कान्होजी आंग्र्यांना ते शोभले, कारण त्यांच्या गलबतांपुढे अरबी समुद्र पसरलेला होता. आमच्या सरखेलांपुढे कमरेइतके गढूळ पाणी, दोन्ही तीरांना गवत आणि मध्ये बदकांचे एक कुटुंब एवढाच मुलूख होता, परंतु सुकाणूवर हात ठेवून उभे राहण्याचा दिमाख मात्र रेसभरही कमी नव्हता. नाव लांबीला सत्तावन्न फूट आणि रुंदीला सहा फूट दहा इंच, म्हणजे पुण्याच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या बोळाला तळ बसवून तो पाण्यात सोडावा तसा प्रकार. अशी रुंदी का, तर अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने मध्य इंग्लंडचे कालवे आखताना लॉकची (हे प्रकरण पुढे येईलच) रुंदी सात फूट धरली आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंची दोन बोटे सोडून उरेल तेवढ्यात संसार मांडण्याचा प्रघात पडला. या वस्तूला 'बार्ज' म्हणू नये, ही ताकीद मला पाय ठेवण्यापूर्वीच मिळाली होती. मी नंतर तो शब्द दोनदा, केवळ परिणाम पाहण्यासाठी, उच्चारला.

परंतु त्यांचा खरा छंद निराळाच होता. ब्राउन्स्टन येथे, जेथे ऑक्सफर्डचा कालवा आणि ग्रँड युनियन एकमेकांना मिळतात, तेथे नाव बांधून आम्ही चहा घेत होतो. एक दुसरी नाव शेजारून चालली होती. इतक्या हळू, की तिच्या छपरावरचे मांजर झोपलेले होते. सरखेलांनी कान टवकारले, कप खाली ठेवला, झाकणाच्या दारातून बोकडासारखी मुंडी बाहेर काढली आणि गर्जना केली, "सावकाश!" मांजर जागे झाले. बांधलेल्या नावेजवळून जाताना यंत्राचा वेग अगदी उतरवावा, नाहीतर पाण्याच्या ओढीने दोर ताणतात, खुंट्या उपटतात आणि घरातला चहा सांडतो, असा कालव्याचा शिष्टाचार आहे व तो रास्त आहे, हे मला मान्य. परंतु त्या प्रसंगी चहा सांडला तो सरखेलांनीच उडी मारताना, आणि माझ्या धोतराच्या नव्हे पण नव्या विजारीच्या नशिबी तो आला.

कालव्यावर वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी चार मैल. निवृत्तिवेतन आणावयास निघालेला मनुष्यही याहून फारसा मागे नसतो. तरीही सरखेलांच्या मते सारे जग या मर्यादेचे उल्लंघन करीत होते. काठावरच्या पायवाटेने सायकलस्वार गेला, "सावकाश!" कुत्र्याला फिरवणारी म्हातारी गेली, तिला टोपी उचलून, पण "सावकाश!" पाणकोंबडी आपल्या पिलांना घेऊन लव्हाळ्यांच्या बेटाकडे झपाझप निघाली, तिलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोटाची बटणे लावीत असता पाठीमागून तोच शब्द आला तेव्हा माझी बोटे खरोखरच थबकली. या शब्दाच्या मुळाशी 'अवकाश' आहे, आणि त्या गृहस्थाने माझ्यासाठी तो शिल्लक ठेवला नव्हता.

सरखेलांच्या या सावकाशीचा सगळा भार त्यांच्या पत्नीवर होता. लॉक म्हणजे दोन दारांमध्ये पाणी कोंडून नाव वर उचलावयाची किंवा खाली उतरवावयाची युक्ती. सरखेल सुकाणूवर उभे राहून आकाशाकडे पाहत. बाई कमरपट्ट्यात लोखंडी हँडल खोचून काठावर उडी मारीत, झडपा उघडीत, टनावारी वजनाचे दार पाठ लावून रेटीत, पाणी भरले की पुन्हा रेटीत, आणि नाव निघाली की पुढच्या लॉकची तयारी करावयास चालत पुढे जात. ब्राउन्स्टनला अशी सहा लॉके ओळीने आहेत. चौथ्याशी मी मदतीस उतरलो आणि पाचव्याशी मदत करणे थांबविले. बाई म्हणाल्या, "विश्रांती घ्यायला आलो आहोत आम्ही. त्यांची चालू आहे." मग त्यांनीच सांगितले, की दुसऱ्या महायुद्धात लंडनहून बर्मिंगहॅमकडे धातू आणि परतताना कोळसा वाहणाऱ्या नावांवर बायकांची भरती झाली, त्यांच्या छातीवर 'आय. डब्ल्यू.' ही अंतर्देशीय जलमार्गांची आद्याक्षरे असत, आणि लोकांनी त्यांचा अर्थ लावला 'आयडल विमेन', म्हणजे 'आळशी बायका'. एवढे सांगून त्या सहाव्या लॉकचे दार रेटावयास गेल्या.

त्यापुढे ब्राउन्स्टनचा बोगदा लागतो. तो १७९६ साली खुला झाला. लांबी २,०४२ यार्ड, आत काठावर वाट नाही, आणि खोदणाऱ्यांचा अंदाज चुकल्यामुळे मध्येच एक वाकण. घोड्यांच्या काळी घोडा डोंगरावरून जाई आणि खलाशी नावेवर आडवे पडून भिंतीला पाय लावून नाव ढकलीत. आम्ही दिवा लावून आत शिरलो, छतातून थेंब मानेवर पडू लागले, आणि समोरून दुसऱ्या नावेचा दिवा दिसला. सरखेलांनी अर्थातच अंधारात हुकूम सोडला, "सावकाश!" बोगद्याने तो परत केला. सरखेलांना वाटले समोरचा उलट बोलतो आहे. त्यांनी आवाज चढविला. बोगद्यानेही चढविला. जवळजवळ पाच मिनिटे हा संवाद चालला, आणि अखेर शेजारून जाताना समोरच्या नावेवरचा वृद्ध गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मी तर केव्हाचा थांबलोच आहे."

या संप्रदायाची एक पोथीही आहे. एल. टी. सी. रोल्ट नावाच्या यंत्रज्ञाने 'क्रेसी' नावाच्या नावेत राहून कालव्यांवर प्रवास केला आणि १९४४ मध्ये त्यावर पुस्तक काढले. ते वाचून मंडळी हळहळली, १९४६ मध्ये संस्था स्थापन झाली, आणि मोडीत निघालेले कालवे हौशी लोकांच्या हाती जगले. सरखेलांच्या उशाशी ती प्रत असते. पोथीबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. संध्याकाळी दोन नावा शेजारी बांधल्या, की या मंडळींत जे ज्ञानसत्र चालते, ते मात्र निसर्गसौंदर्याविषयी नसून बहुतेक शौचकूप कोठे रिता करावा याविषयी असते, एवढे नमूद करून पुढे जातो.

वॉटफर्डच्या लॉकांपाशी एक विलक्षण जागा आहे. रोमनांनी घातलेला रस्ता, १८१४ चा हा कालवा, १८३८ चा लोहमार्ग आणि १९५९ चा एम-वन हमरस्ता असे चार काळांचे चार मार्ग डोंगरांच्या एकाच खिंडीतून जवळजवळ खांद्याला खांदा लावून जातात. बाई हँडल फिरवीत होत्या, आम्ही कोंडीत तसूतसूने वर चढत होतो, आणि पलीकडे मालाच्या अवजड मोटारी घोंघावत चालल्या होत्या. सरखेल त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी वाट पाहिली. आणि तो आलाच, पण या खेपेस गर्जना नव्हती, जवळजवळ स्वगतच होते. "सावकाश," ते म्हणाले. त्यांचे कोणीही ऐकले नाही.

रात्री बाईंनी खुलासा केला. हे गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ माल रवानगी खात्याचे मुख्य होते. मोटार कोठे पोचली, का थांबली, चहाला किती वेळ लागतो, हे विचारणारा दूरध्वनी दिवसाकाठी किती वेळा खणखणे याची गणती नाही. एम-वनवरच्या चालकांना पिटाळण्यात त्यांची हयात गेली. माझ्या कन्येला विचारले, तर कचेरीत त्यांना 'सरखेल' नव्हे, याहून कमी आदराचे नाव होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना घड्याळ भेट मिळाले. ते नावेच्या पेटीत, न चालविता, ठेवलेले आहे.

वॉटफर्डच्या वर सुमारे वीस मैल एकही लॉक नाही. तेथे एका जुन्या विटांच्या पुलाखाली त्यांनी आपण होऊन नाव काठाला लावली आणि मला बोलाविले. कमानीच्या कोपऱ्यावर लोखंडी पट्टी बसविलेली होती आणि तिच्यात बोटाएवढे खोल वळ पडलेले होते. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठच्या दगडावर पोहऱ्याच्या दोराने पडतात तसेच. फक्त हे लोखंडात होते. घोड्याने ओढलेला भिजका, वाळूने भरलेला दोर वर्षानुवर्षे घासून ते कापले गेले. "बोट घाला," ते म्हणाले. मी घातले. मग ते हळू आवाजात सांगू लागले, की या नावांना मुळी सवड अशी नव्हतीच. आगगाडीशी बरोबरी करावयाची म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे दहा फुटी खोलीत येऊन राहिली, पोरे तेथेच जन्मली आणि घोड्यामागे चालत वाढली, काही नावा तर घोडे बदलीत रात्रंदिवस चालत, आणि दर टप्प्यावर कोणीतरी कारकून घड्याळ घेऊन उभाच असे. एवढे बोलून त्यांनी एकेका वळात आपले बोट फिरविले. पायवाटेने एक सायकलस्वार भरधाव गेला, पण सरखेलांनी मान वर केली नाही. माझ्या मनातला राग तेथे बराचसा गेला, हे कबूल करणे प्राप्त आहे. सगळा गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या विजारीवरचा डाग अद्याप आहे.

तिसऱ्या दिवशी फॉक्सटन आले. पाच-पाच लॉकांच्या दोन जिन्यांनी नाव तेथे पंचाहत्तर फूट खाली उतरते आणि त्यात तासाभराच्या आसपास जातो. हा वेळ वाचावा म्हणून १९०० साली शेजारच्या टेकडीवर वाफेच्या यंत्राने चालणारा उतरणीचा मार्ग बांधला; पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्यांत नावा घालून त्या बारा मिनिटांत वर-खाली होत. परंतु येणाऱ्या नावा थोड्या, बॉयलर सतत तापलेला ठेवण्याचा खर्च मोठा, म्हणून १९११ मध्ये ते काम बंद पडले. टेकडीचा रिकामा उतार सरखेलांनी मला असा दाखविला, की जणू शत्रूचा पडका किल्ला.

तेथे कन्या मोटार घेऊन आली होती. अर्ध्या तासात घर. निरोप घेताना मी उभयतांना जेवणाचे आग्रहाचे निमंत्रण दिले; बाईंनी मोटारीकडे आशेने पाहिले, पण सरखेल म्हणाले, "आम्ही नावेनेच येतो. लेस्टर आमच्या वाटेवरच आहे." पाचव्या दिवशी दूरध्वनी आला, की मार्केट हारबरोच्या फाट्यावर वळलो, हवा उत्तम आहे. आठव्या दिवशी आला, की अद्याप तेथेच आहो. पानावर बसवून त्यांना "सावकाश होऊ द्या" असे म्हणण्याची हौस मी बाळगून आहे. आज अकरावा दिवस. भात टाकलेला नाही.