उरलेल्या उजेडाचं झाड

माझगावात ऊन सरळ घरात शिरत नाही. समोरच्या इमारतीला विचारून येतं. पूर्वी जिथे कौलारू बंगली होती आणि तिच्या मागे आंब्याची झाडं होती, तिथे आता काचेचे मजले उभे आहेत. त्यामुळे सूर्य आमच्या गॅलरीत येतो तो ऑफिसला जाणारे सगळे गेल्यावर, आणि येतो तोही उसने पैसे मागायला आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा, उंबऱ्याशी उभा राहून, नजर चुकवत. तासाभरात निघून जातो. मागे राहतो तो नुसता उजेड : भिंतींवर आपटत आलेला, काचांनी नाकारलेला, वाळत घातलेल्या चादरींतून गाळलेला. असा सेकंडहँड उजेड तुळशीला चालत नाही. ती काड्या होऊन निषेध नोंदवते. जास्वंद कळ्या धरते आणि गाळते. गुलाबाचं तर नावच काढू नये. त्याला मलबार हिल लागतं. या उरल्यासुरल्या उजेडावर आमच्याकडे ऐश्वर्यात राहतो तो एकटा बेगोनिया, आणि त्यातही चंदेरी पानांचा.

बेगोनियाला फुलं येतात, नाही असं नाही. पण ज्याला रेक्स म्हणतात त्या जातीत ती आली काय आणि न आली काय, कुणी चौकशी करत नाही. सगळा थाट पानांचा. हे पान देठावर मधोमध बसत नाही. एक बाजू मोठी, दुसरी आखूड. लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखं अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि तरी पनवेलपर्यंत इथेच बसणार अशा निश्चिंतीने. कडेला काळपट जांभळी किनार, तिच्या आत रुंद चांदी, आणि मधे शिरांच्या आजूबाजूला पुन्हा काळोख. पान हलकेच उलटं केलं की खाली तांबडं अस्तर आणि शिरांवर बारीक लव. नवं पान गुलाबी असतं, घडीचं, मूठ आवळलेलं. ते दिवसाकाठी थोडं थोडं उलगडतं आणि चांदी सगळ्यात शेवटी चढते, घाई नसल्यासारखी.

आता ही चांदी. पानात चंदेरी रंगाचं असं काहीच नसतं. रंगद्रव्यच नाही. पानाची वरची पारदर्शक त्वचा आणि तिच्या खालचा हिरवा थर यांच्यामध्ये काही ठिकाणी हवेची अगदी पातळ पोकळी असते. बाहेरचा उजेड त्वचेतून आत येतो, पेशींच्या ओल्या भिंतींकडून त्या हवेत शिरताना त्यातला काही उलटून माघारी जातो, आणि आपल्याला पान लखलखताना दिसतं. भाऊच्या धक्क्याशी समुद्राचं पाणी कितीही काळं असो, त्यावरचा फेस पांढराच दिसतो, तोही अडकलेल्या हवेमुळेच. बेगोनियाच्या त्या पोकळीत पाणी भरलं तर चांदी विझेल आणि खालचा हिरवा रंग वर येईल. कारण हिरवं खातं चांदीखालीही चालूच असतं. दुकानाच्या दर्शनी भागात रोषणाई आणि मागच्या खोलीत हिशोबाची वही, तसं.

म्हणजे जे वैभव पाहायला जिन्यातून जाणारी माणसं थबकतात, ते निव्वळ रिकाम्या जागेचं आहे. मुंबईत याहून मोठं वैभव दुसरं कुठलं असणार? आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरीला काचा लावून ती खोलीत घेतली. त्यांच्या वरच्यांनी तिथे स्वयंपाकघर नेलं. जिन्याखालच्या कोनाड्यात इस्त्रीवाला आहे आणि इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली दुपारी त्याचा भाचा झोपतो. आमच्या घरी कपाट आणि छत यांच्यामध्ये वीतभर फट होती. तीत आईने वडिलांचं गोदीतलं हेल्मेट, गणपतीचं मखर आणि एक मोडका टेबल फॅन इतक्या कौशल्याने बसवला होता की यातलं काहीही एकटं बाहेर निघत नसे, आणि दर भाद्रपदात मखराबरोबर पंख्याचंही आगमन होई. अशा घराच्या कठड्यावर राहून बेगोनिया कागदाएवढ्या जाडीच्या पानात जागा मोकळी ठेवतो. पोटभाडेकरूही ठेवत नाही. त्याच्याकडे पाहताना मला कधीकधी थोडा हेवा वाटतो, हे कबूल केलं पाहिजे.

शेजाऱ्यांना वाटतो तो हेवा नव्हे, काळजी. "तुमच्या झाडाला काहीतरी झालंय हो, पानं पांढरी पडलीत, औषध मारा," असं आमच्या मजल्यावरच्या काकू जाता-येता सांगतात. त्यांचं अगदीच चूक नाही. बेगोनियाला भुरी होते, पावसाळ्यात हमखास होते, आणि भुरीही पांढरीच. आजार आणि अलंकार यांचा रंग एकच असलेलं हे झाड आहे. ओळखायची तर बोट फिरवायचं : भुरी बोटाला लागते, चांदी लागत नाही. काकूंनी एकदा खात्री करून घेतली, बोट निरखून पाहिलं, आणि "बरं, मग असू दे," असं म्हणाल्या, जणू झाडाचा जामीन मंजूर झाला.

मला या झाडाची गोडी लागली ती म्हातारपाखाडीत. माझगावच्या पोटात हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव अजून तग धरून आहे : लाकडी कठड्यांची घरं, बाहेरून चढणारे जिने, गल्लीच्या वळणावर क्रूस. लोकमान्यांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा, यांचा जन्म १८६४ साली इथलाच. शाळेत असताना मी तिथल्या एका मित्राकडे जायचो ते मोठ्या माणसांचा हा इतिहास ठाऊक नसताना, त्याच्या आजीच्या व्हरांड्यासाठी. आम्ही सगळे तिला आंटीच म्हणायचो. डालड्याच्या डब्यांत, तळ गेलेल्या पातेल्यांत, एका फुटक्या सूपच्या भांड्यात तिचे बेगोनिया असत. त्यातले बरेच उंच, बांबूसारख्या पेरांचे, लांबट पानांवर चांदीचे ठिपके असलेले. तसल्या एका जातीचा संकर फ्रान्समधल्या नॅन्सी गावी लमॉइन नावाच्या माळ्याने १८८०च्या दशकात केला, हे मी फार नंतर वाचलं. आंटीच्या मते ती झाडं तिच्या सासूच्या लग्नात आली होती, आणि त्यापलीकडच्या वंशावळीत तिला रस नव्हता.

झाड मागितलं की ती साफ नाही म्हणायची. "झाड नाय मागायचा. मागितलेला झाड जगत नाय." चोरून आणलेली फांदी लागते, मागून आणलेली सुकते, ही समजूत आपल्याकडे जातिधर्माच्या पलीकडची आहे; मनीप्लँटच्या बाबतीत तर ती राष्ट्रीय धोरण म्हणावी इतकी पक्की. पण आंटीचं मोठेपण पुढे होतं. नाही म्हणून झालं की ती उठायची. "बस तू. मी चा टाकते," असं म्हणायची आणि आत जाताना शिवणाची कात्री कठड्यावर विसरायची. चहाला नको तेवढा वेळ लावायची. भांड्यांचा आवाज उगाच मोठा करायची, म्हणजे आपण आतच आहोत हे बाहेरच्या चोराला कळावं. बाहेर आल्यावर कपाच्या कानाकडे बघत चहा द्यायची, व्हरांड्याकडे नाही. माझ्यासारख्या चोरांनी तिचे बेगोनिया डोंगरीपासून शिवडीपर्यंत पसरवले असतील.

चोराला सोयीचं असं हे झाड आहे. रेक्सचं अख्खं झाड लागतच नाही, पान पुरतं. पान उलटं धरून मोठ्या शिरांवर जागोजागी ब्लेडने चिरा द्यायच्या, मग ते सुलटं करून ओल्या वाळूवर पसरायचं आणि हलू नये म्हणून वर चार खडे ठेवायचे. वर प्लॅस्टिकची पिशवी. काही आठवडे काहीही घडत नाही. घरातली माणसं त्या कुंडीकडे बघून "काय हे, खड्यांना पाणी घालतोय" असं म्हणू लागतात, तेव्हा प्रत्येक चिरेशी एकेक इवलं रोप डोकं काढतं. नखाएवढ्या त्या पानातही बाजू लहानमोठीच असते. हा तिरकेपणा लहान वयातला.

रेक्सचं घराणंही असंच आडवाटेने आलेलं. तो मूळचा आसामचा. १८५०च्या दशकात ऑर्किडच्या मुळांना चिकटून तो युरोपात पोचला, म्हणजे चक्क विनातिकीट. बेल्जियममधल्या लिंदेन यांच्या रोपवाटिकेत ऑर्किड एका बाजूला राहिले आणि सगळ्यांचे डोळे या फुकट्या प्रवाशाच्या पानांवर खिळले. पुढे त्याचे इतके संकर झाले की आज मूळ रेक्स ओळखायला घरचाच माणूस हवा. गंमत अशी की तोच आता मुंबईत रोपवाल्याच्या हातगाडीवर परत आला आहे, आणि रोपवाला आपल्याला बजावतो, "साहेब, इंपोर्टेड आहे." ज्या कुळाचं नाव तो लावतो ते कुळही एका अधिकाऱ्याचं. मिशेल बेगाँ हा फ्रेंच राजाचा वेस्ट इंडीजमधला कारभारी; प्ल्युमिए या पाद्र्याला झाडं शोधायच्या मोहिमेवर पाठवण्यात त्याने शब्द टाकला, आणि प्ल्युमिएने त्याचं नाव झाडाला दिलं. शिफारशीची इतकी सुरेख परतफेड मी आमच्या गोदीतल्या कुणाकडून ऐकलेली नाही. आज या कुळात दोन हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या सह्याद्रीतही एक आहे, बेगोनिया क्रेनाटा. पावसात माथेरानच्या ओल्या कातळावर तो फिकट गुलाबी फुलांनी डुलतो आणि पाऊस संपला की जमिनीखालच्या कंदात गुडूप होतो. चांदीच्या भानगडीत तो पडला नाही. कोकणाकडचा माणूस, दिखावा कमी.

सांभाळायला रेक्स कठीण नाही, फक्त लाड सहन होत नाहीत. त्याची मुळं उथळ, म्हणून कुंडीही पसरट हवी; माती भुसभुशीत, पालापाचोळ्याची, थोडी वाळू घातलेली. पाणी पानांवर नको आणि रोज तर नकोच. पहिल्या महिन्यात मरणारे बेगोनिया बहुतेक तहानेने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. हवेतला दमटपणा त्याला हवा असतो, आणि तो माझगावात महापालिकेच्या पाण्यापेक्षा नियमित मिळतो. गोदीकडून येणारी धूळ मात्र चांदीवर बसते. ओल्या फडक्याने पुसावं तर लव मोडते. मी जुना रंगाचा ब्रश वापरतो, आणि रविवारी सकाळी पानं झाडत बसलो की आमच्या घरातून "देव घासून व्हायचेत अजून" अशी आठवण येते. मे महिन्यात झाड रुसतं. त्याला गार रात्री आवडतात, आणि आमच्याकडे त्या डिसेंबर संपताना मोजक्या मिळतात. एकतीस तारखेला मध्यरात्री बंदरातली जहाजं एकदम भोंगे वाजवतात, काचा थरथरतात, कुत्री भुंकतात, त्या सुमारास आमचे बेगोनिया वर्षातले सगळ्यात देखणे असतात. ते बघायला तेव्हा जागं कुणी असलं तरी शुद्धीत असतंच असं नाही.

थंडी सरत आली की भायखळ्याला राणीबागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. मी जातो, पण माझं मन रमत नाही. तिथे मांडलेली झाडं परीक्षेला बसलेल्या मुलांसारखी दिसतात, भांग पाडलेली. त्यापेक्षा मला भंडारवाड्याच्या टेकडीवरची जोसेफ बॅप्टिस्टा बाग आवडते. तिथे हिरवळीवर म्हातारी माणसं फेऱ्या मारतात, समोर गोदीतल्या क्रेन दिसतात, आणि पायाखाली १८८४ सालचा जलाशय असतो. आख्खी बाग पाण्याच्या टाकीच्या छतावर उभी आहे, हे फेऱ्या मारणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. उथळ मातीवर निभावून नेणं हा माझगावचा जुना सराव दिसतो.

आता आमची इमारत पाडायची चाललीय. गेल्या पंधरवड्यात गच्चीवर सभा झाली, बिल्डरकडचा एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला. चटई क्षेत्र, लिफ्ट, पार्किंग, सगळं झालं. काकूंनी देवघराची दिशा विचारली. इस्त्रीवाला कुणी न बोलावता मागे उभा होता. त्याने काहीच विचारलं नाही. मी विचारलं की गॅलरी मिळणार का. गॅलरी खोलीतच घेतलीय, तो म्हणाला, म्हणजे तुमची जागा वाढतेय, काका. मी म्हटलं, आणि उजेड कुठून येणार? त्याने चित्र मोठं करून दाखवलं. चित्रात एक गोरी बाई सोफ्यावर बसली होती आणि तिच्या शेजारी कुंडी होती. "त्याची काळजी नको," तो म्हणाला, "प्रत्येक रूममध्ये एलईडी आपण फ्री देतोय."

लोक हसले. मीही हसलो. आणि मला माहीत होतं, वाचलेलं होतं, की पांढऱ्या एलईडीखाली रेक्स उत्तम वाढतो, पुष्कळदा खिडकीपेक्षाही बरा. पण हे काही मी त्या मुलाला सांगितलं नाही.