डालेवाले भाऊ

गाव मूलकडचं असो की आरमोरीकडचं, नंबरप्लेटवर एमएच ३४ असो की ३३, नवी पिकअप घ्यायला निघालेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो गाडीच्या तोंडाकडे बघत नाही. चौकात कोणाचीही पिकअप उभी दिसली की थेट मागे जातो, फाळका पाडतो, साखळी ओढून बघतो, टाचेने तळ ठोकतो आणि मालकाला विचारतो, "पत्रा किती एमएमचा हाय गा?" मालक रागावत नाही. गाडी घेण्याआधी त्यानेही हेच केलेलं असतं.

हे डालेवाले भाऊ. वय पंचेचाळीसच्या आसपास, खांद्यावर दुपट्टा, खिशात खर्ऱ्याची पन्नी आणि तिच्याच घडीत मागच्या भाड्याचा हिशेब. टाटांनी २००५ साली एस ही गाडी आणली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं, आणि भाऊ बैलबंडीवरून उतरून सेकंडहँड हत्तीवर बसले. पुढे बोलेरो पिकअप आली. आता तीही थकली आहे. इंजिनाबद्दलचं भाऊंचं मत दोन शब्दांत संपतं: "इंजिन, चालते." डाल्याबद्दल, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाबद्दल, बोलायला लागले की चहा तीनदा सांगावा लागतो.

शोरूमला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. कागद वाचायला गावात मास्तर असतोच. शोरूमच्या पोराने बॉनेट उघडून भाषण सुरू केलं: पॉवर स्टिअरिंग, मोबाइलला जोडलेली गाडी, आरामशीर सीट. भाषण संपेपर्यंत भाऊ मागे डाल्यात पाय लांब करून आडवे झाले होते. राईस मिलपुढच्या रांगेत रात्र काढायची तर डाल्याची लांबी टेपने मोजून भागत नाही, अंगाने मोजावी लागते.

"१० फुटांपर्यंत डाला मिळतो, साहेब. २ टन माल," पोरगा म्हणाला.

भाऊंनी झोपल्या झोपल्या हिशेब केला. खरेदी केंद्रावर धानाचं पोतं ४० किलोचं. म्हणजे पन्नास पोती.

"हे झालं कागदावरचं," भाऊ उठून बसले. "गाडीवर किती?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

मग त्याने शेवटचा पत्ता टाकला. "केबिनला एसी घेता येते."

चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हा पत्ता चालायला हवा होता. भाऊंनी विचारलं, "एसीची हवा मांगं डाल्यात येते का?"

पुण्यात कंपनीत असलेल्या पुतण्याने एकदा मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या होत्या. तिकडे एका कंपनीचा फाळका सहा तऱ्हांनी उघडतो. त्याची पायरी होते, टेबल होतं, बसायला बाक होतो. भाऊ प्रसन्न झाले. दुसऱ्या एका गाडीचं पाच लिटरचं इंजिन ऐकून तर त्यांनी दुपट्टा सावरून घेतला. मग त्यांनी डाल्याची लांबी विचारली. चार दारांची केबिन घेतली तर बहुतेक साडेपाच फूट, पुतण्या म्हणाला.

"साडेपाच?" भाऊंनी मोबाइल परत दिला. "एवढं मोठं इंजिन आन् माही खाटही मावत नाई. काय वाहतेत गा ते लोकं?"

पुतण्याने माहिती काढली. बरेच जण रोज काहीच वाहत नाहीत, ऑफिसला जातात. त्या दिवसापासून अमेरिकेबद्दल भाऊंना थोडी काळजी वाटते.

एका चंद्रपूरचे १९८२ मध्ये दोन जिल्हे झाले, पण पिकअपचे हंगाम दोन्हीकडे तेच राहिले. प्रत्येक हंगामाचा एक माणूस भाऊंच्या ओसरीवर येतो आणि नव्या डाल्यात काय पाहिजे ते सांगून जातो.

दिवाळीनंतर धान निघतं. धानवाला म्हणतो, तळ जाड पाहिजे, सांध्यात फट नको, नाहीतर सिंदेवाहीपासून मूलपर्यंत कोंबड्या गाडीमागे येतील. आणि बाजू ठेंगण्या ठेवा, हमालाच्या कमरेचा विचार करा. मे महिन्यात तेंदू. ७० पानांचा एक पुडा, असे हजार पुडे भरले की एक गोणी. वजनाला हलकी, पण जागा ढीगभर खाते. तेंदू गोळा होतो त्या फळीवरचा माणूस म्हणतो, बाजू उंच पाहिजेत, माणसाच्या डोक्याएवढ्या, वर कमानी आणि ताडपत्री. ठेंगण्या आणि उंच बाजू एकाच डाल्याला कशा लावायच्या, हे दोघांनीही भाऊंवर सोडलं आहे.

हिवाळा झाडीपट्टीच्या नाटकांचा. वडशाहून कंपनी येते, रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत गाव जागं राहतं. मंडळाच्या अध्यक्षांना तिन्ही बाजू खाली पडणारा डाला हवा आहे, म्हणजे नेपथ्य झटक्यात उतरेल आणि वेळ पडली तर गाडी मागे लावून रंगमंच तीन हात वाढवता येईल. कमानी नकोत, राजवाड्याच्या पडद्याची काठी त्यांना अडते.

त्यात पटवाले, म्हणजे बैलांच्या शर्यतीवाले. २०१४ च्या बंदीनंतर थंडावलेले शंकरपट डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळताच पुन्हा रंगले, आणि जोडी वाहायची गाडी गावात एकच. पटवाल्यांना तळावर उंचवटे हवेत, खूर घसरू नये म्हणून. चढायला उतरती फळी हवी. वर सावली हवी. नियमाप्रमाणे गाडीत मोठ्या गुराला २ चौरस मीटर जागा द्यावी लागते. भाऊंच्या आताच्या डाल्याचे साडेचारच्या थोडे वर भरतात. दोन बैलांचे चार गेले. उरलेल्या अर्ध्यात पटवाला स्वतः उभा राहतो. माल वाहायच्या डाल्यात माणूस चालत नाही, केबिनमध्ये बसा, असं भाऊ त्याला दरवेळी सांगतात. तो दरवेळी म्हणतो, "बैल घाबरते गा." दोघांतलं कोण घाबरतं हे पाहणाऱ्याला कळतं.

भाऊंनी आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नाही. "होऊन जाईन," एवढंच म्हणतात.

भाऊंच्या स्वतःच्या हौसेनेही एकदा उचल खाल्ली होती. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागाची पहिली खेप निघाली, तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की डाल्याचा तळ सागाच्या फळ्यांचा करावा. देवाच्या दाराला आपला साग, मग आपल्या गाडीला का नाही?

"ते देवाचं दार हाय," वहिनी आतून म्हणाल्या. "तुमच्या डाल्यात बुधवारच्या बाजाराच्या कोंबड्या असतेत."

भाऊ याने खचले नसते, पण वननाका आठवला. आलापल्लीच्या रस्त्यावर सागाचा तळ घेऊन फिरायचं म्हणजे प्रत्येक नाक्यावर वनरक्षक माल सोडून तळ तपासणार आणि गाडी कशात भरून आणली असं विचारणार. त्यापेक्षा बांबूचा तट्टा बरा. मेंढा लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळवला, २०१७ मध्ये कायद्यानेच बांबूला झाडांतून वगळलं. भाऊंनी सागाचं स्वप्न तट्ट्यात गुंडाळलं.

फाळक्याच्या साखळीच्या बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नाहीत. कंपनीने साखळीला रबराचं वेष्टण दिलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. भाऊंनी ते पहिल्याच आठवड्यात कापून काढलं होतं. रात्री जंगलातून रिकामी गाडी आणताना साखळी वाजायलाच हवी. "अस्वलाले समजले पायजे, कोनीतरी येऊन रायलं म्हणून." रबराची साखळी बनवणाऱ्या इंजिनिअरला रात्री कधी अस्वल आडवं आलेलं नसावं.

आता सजावट. फाळक्यावर वाघ हवाच. पण ताडोब्याच्या शेजारी वाघ काढणं पेंटरला अवघड जातं, कारण इथे टीकाकार जाणकार आहेत. मागच्या वाघाला चौकातल्या मंडळींनी आठ दिवस नापास केलं होतं. पट्टे चुकले, शेपूट बुटकी, आणि एक जण तर म्हणाला की हा आपल्याकडचा नाहीच, मध्यप्रदेशातून आलेला आहे.

मजकुराचा प्रश्न याहून नाजूक. गिऱ्हाईक सगळ्या वस्त्यांतलं. म्हणून फाळक्यावर 'जय सेवा', 'जय भीम', 'महाकाली माता प्रसन्न' आणि 'मार्कंडेश्वर प्रसन्न' हे चारही हवं, शिवाय दोन पोरांची नावं. मागच्या वेळी जागा पुरेना म्हणून पेंटरने अक्षरं बारीक केली. ती वाचायला मागच्या गाड्या चिकटून येऊ लागल्या, म्हणून खाली 'अंतर ठेवा' लिहावं लागलं. तेही बारीकच.

समोर लोखंडी गार्ड बसवायचं होतं, रानडुकरासाठी. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर बंदी आणली आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे मी त्यांना वाचून दाखवलं. भाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डुकराले हे कलम माहीत हाय का?"

पण त्याच कलमामुळे वाट सापडली. हे सगळं ऐकून शोरूमचा पोरगा एव्हाना रडकुंडीला आला होता. तो म्हणाला, "साहेब, एक मॉडेल असं पण येते. नुसती केबिन आणि चेसिस. मांगं काहीच नाही. डाला तुमचा तुम्ही बांधायचा, आरटीओकडून पास करून घ्यायचा."

भाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एवढ्या सगळ्या कंपन्यांच्या एवढ्या सगळ्या डाल्यांतून त्यांना पसंत पडला तो नसलेला डाला.

गाडी थेट बॉडीवाल्याकडे गेली आणि तिच्यामागे गाव गेलं. धानवाल्याने तळ ठोकला. तेंदूवाल्याने उंची दाखवली. अध्यक्षांनी बिजागऱ्या तपासल्या. पटवाला खूर कुठे पडेल ते खडूने आखून गेला. शेवटी खालची बाजू लोखंडी, वरची जाळी काढता येणारी, कमानी खुंट्यांत उभ्या करायच्या, असा तह झाला. हप्ता सुरू झाला तेव्हा डाला अजून अर्धा होता.

या धांदलीत केबिनकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्याबद्दल गावात कोणाचं काही मत नाही, कारण तिच्यात भाऊ बसतात. नवीन गाडी भाऊंची, कर्ज भाऊंचं, सही भाऊंची. डाला तेवढा सर्वांचा.

शेवटच्या दिवशी वेल्डरलाच राहवलं नाही. "भाऊ, सगळ्याइचं झालं. तुमचं काय टाकू?"

भाऊ बराच वेळ डाल्याकडे बघत राहिले. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. मग म्हणाले, "कोपऱ्यात एक हूक टाक. डब्बा टांगाले."

पहिली फेरी पटाची होती. मी डोकावलो तर हुकाला बैलांच्या घुंगरमाळा लटकलेल्या, आणि भाऊंचा डबा त्यांच्याच मांडीवर.

"त्याले कुठं जागा होती गा," भाऊ गिअर टाकत म्हणाले. "पुढच्या गाडीले दोन हूक टाकतो."