पायाखालची रांग

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर कुणी बेस गिटार वाजवू लागला, की पहिला सवाल संगीतावर येत नाही. खालच्या काकू जिन्यातूनच विचारतात, "का रे बाबू, पायानं कायचे डबे सरकवून राहिला तू?" डबे म्हणजे इफेक्ट पेडल. प्लायवूडच्या फळीवर व्हेल्क्रोनं चिकटवलेले सहा: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, फझ, कोरस, डिले. घेताना खिसा रिकामा झाला तो झालाच, पण खरी डोकेदुखी पुढेच असते. सहा पेडलांची रांग 720 प्रकारे लागते. एकेका रांगेला पाच मिनिटं दिली तरी 60 तास नुसते ऐकण्यात जातात, आणि मधे लाइन जाणार ती वेगळीच.

रांगेनं एवढं काय बिघडतं? गांधी गेटापाशी निघालेली बातमी बडकस चौकात पोचेपर्यंत जे होतं, तेच. प्रत्येक ओट्यावरचा माणूस आपल्या कानावर आलं त्यातच भर घालतो. मूळ बातमीशी त्याला देणंघेणं नसतं. फझनंतर डिले ठेवला, तर चरचरीत सूर विरत विरत पण वेगवेगळा ऐकू येतो. डिलेनंतर फझ ठेवला, तर सगळे पडसाद एकमेकांच्या अंगावर कोसळतात आणि नुसता कल्ला उरतो.

ऑक्टेव्हचे नखरे निराळे. तारेचा सूर ओळखून तो एक सप्तक खालचा सूर काढून देतो. 1982 सालचा बॉसचा ओसी-2 एका वेळी एकच सूर ओळखतो. दोन तारा एकदम छेडल्या की बिचारा गुरगुरायला लागतो. त्याला कोरा सूर लागतो, म्हणून त्याची जागा फझच्या आधी. आता गंमत पाहा. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते. तिचं सप्तक उतरवलं की साडेवीस, आणि माणसाचा कान साधारण 20 हर्ट्झपाशी हात टेकतो. म्हणजे पदरचे पैसे मोजून जवळजवळ ऐकू न येणारा सूर काढायचा! काकूंच्या मांडणीवरची पितळी भांडी मात्र मूळच्या 41लाच दाद देतात.

एवढ्यात गिटारवाला मित्र सल्ला द्यायला येतो. गिटारवाल्यांचे सल्ले बेसवाल्यानं चहा पाजून ऐकावेत आणि सोडून द्यावेत. फझ खालचा भरदारपणा खाऊन टाकतो. गिटारवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं, कारण खालची बाजू सांभाळायला बेसवाला असतो. बेसवाल्यामागे कोण? म्हणून कोरा सूर सोबत मिसळणारं बटण असलेलाच फझ घ्यावा. बेसवाल्या क्लिफ बर्टननं 1983मध्ये मेटॅलिका बँडच्या पहिल्या अल्बमात डिस्टॉर्शन आणि वाह ही पेडलं लावून बेसचा अख्खा सोलो वाजवला हे खरं, पण तिथे शेजारी गिटार नव्हती.

त्यात जुन्या धाटणीच्या काही फझना गिटारची केबल थेट लागते. मधे बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं सर्किट, असलेला ट्यूनर आला तरी ते रुसतात. म्हणजे ऑक्टेव्हलाही पुढची जागा हवी, फझलाही.

कॉम्प्रेसरवरून तर दोन तट आहेत. आधी लावला तर बोटांचे कमीजास्त फटकारे सारखे होतात आणि ऑक्टेव्हलाही सूर पकडणं सोपं जातं. शेवटी लावला तर बाकीच्यांनी केलेला आरडाओरडा आवरतो, पण फझची खरखरही वर आणतो. दोन्ही तटांचं म्हणणं बरोबर आहे, हीच पंचाईत.

मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी हा वाद आपोआप मिटतो. खाली ढोल-ताशे सुरू झाले, की माडीवरच्या 720 रांगा सारख्याच वाजतात.

एरवी ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, फझ, कोरस, डिले ही रांग लावून गाणं बसवायला घ्यावं. फझ रुसलाच तर त्याला पुढे आणून बघावं. आणि कुणाकडून अ‍ॅडॉप्टर उसना आणलात, तर नुसते 9 व्होल्ट बघून खुपसू नका. बहुतेक पेडलांना प्लगचा मधला भाग ऋण असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. उलटा लावलात तर एखादं पेडल जळून रांग पाचाचीच उरेल.