स्वल्पविरामकाका

प्रत्येक सोसायटीत एक तरी स्वल्पविरामकाका असतातच. बहुधा बँकेतून निवृत्त, खिशाला लाल पेन आणि डोळा नोटीस बोर्डावर. चेअरमन कोण झाला याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्याने पूर्णविराम कुठे दिला, एवढंच ते बघतात.

आमच्या सेक्रेटरीने मेंटेनन्सच्या इंग्रजी नोटिशीत जोर यावा म्हणून 'पे' या शब्दाला अवतरणचिन्हं घातली. काकांनी बोर्डासमोर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावलं, की याचा अर्थ 'भरल्यासारखं करा' असा होतो. थकबाकीदारांना तो इतका पटला, की वसुली दिवाळीपलीकडे गेली.

पण काकांचा खरा दावा अपॉस्ट्रॉफीवर. मेनूकार्डावर 'मोमोज'च्या एसआधी तो लटकलेला दिसला, की वेटरला बोलावून विचारणार, "मोमोचं काय?" वेटर बिचारा आणखी चटणी आणून ठेवतो. 'द जोशीज' अशा पाटीतही तो घुसला होता. काकांनी बेल दाबली. "जोशींचं काय?" जोशीवहिनी दचकल्या. "अहो, आंघोळीला गेलेत. का, काय झालं?"

विलायतेत याला भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आपले भाजीवाले मराठीत भाव लिहितात म्हणून वाचले. काकांचं दैवत जॉन रिचर्ड्स. या निवृत्त पत्रकाराने 2001 साली इंग्लंडातल्या बॉस्टन गावी अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली आणि 2019 साली, वयाच्या 96व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला म्हणत तिला टाळं लावलं. हे सांगताना काका सुतकात असल्यासारखे दिसतात.

मराठीत मात्र हेच काका 'ऊद्या पाणि येणार नाहि' असं बिनदिक्कत लिहितात. कुणी बोट ठेवलंच तर म्हणतात, "कळलं ना? मग झालं!"

परवा पहाटे जिन्यात त्यांना दूधवाला सापडला. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात एक स्वल्पविराम राहून गेला होता. त्यावरून दूध पोचवणारे ड्रायव्हर डेअरीविरुद्ध कोर्टात गेले आणि 2018 साली 50 लाख डॉलरवर तडजोड झाली, ही कथा काकांनी त्याला साग्रसंगीत ऐकवली. त्याने पिशव्यांचा क्रेट खाली ठेवला.

"काका, आमच्या मालकानं तर कागदच दिला नाही. मला किती मिळतील?"