विप्रोच्या शेअरांची खतावणी: अमळनेरकरांसाठी शास्त्रोक्त विधी

अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी, म्हणजेच आजची विप्रो, २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेली. तिचे शेअर ज्यांच्या घरात आहेत त्यांनीच पुढे वाचावे. इतरांनी सुस्कारा सोडावा.

संगणकावर जीएनयूकॅश हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्यावे. ते फुकट आहे, त्यामुळे घरात विरोध होत नाही. त्यात दोन खाती उघडावीत, एक शेअरांचे, एक ब्रोकरकडच्या रोकडीचे. "दोन कशाले?" असे घरातले जिभाऊ विचारतीलच. त्यांना सांगावे की ब्रोकरकडची शिल्लक म्हणजे आडत्याकडे अडकलेली कापसाची पट्टी. आपलीच, पण खिशात नाही.

आता बोनस. इथे भलेभले बुडतात. २००४ च्या आरंभी १५ शेअर असतील, तर त्या वर्षीच्या बोनसने ४५ झाले, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८००. खिशातून एक पैसा गेला नाही. पण धुळ्याचे हुशार जावई बोनसची नोंद 'खरेदी' म्हणून करतात, वर बाजारभावही भरतात. रोकडीचे खाते लाखांनी उणे होते आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पैसा कोठे गया?" जावयांना चहा देऊन उठवावे. नग वाढवावेत, रक्कम शून्य लिहावी.

लाभांश ब्रोकरच्या खात्यात शोधू नये. तो थेट बँकेत येतो, कधी टीडीएस कापून. पूर्ण लाभांश उत्पन्नात धरावा, कापलेला कर वेगळा दाखवावा. हे टाळल्यास मेळ बसत नाही आणि जीएनयूकॅश 'इम्बॅलन्स' नावाचे खाते आपणहून उघडते. काही जण त्याचे नाव बदलून 'किरकोळ' ठेवतात. हा उपाय जुन्या मुनिमांनाही ठाऊक होता.

२०१३ मध्ये साबण, दिवे वगैरे धंदे वेगळ्या कंपनीत गेले. ती नोंद करण्याच्या दिवशी दुसरे काम काढू नये.

आजोबांचे कागदी शेअर निघाले तर आधी डिमॅट करावेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदावर विक्री होत नाही. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार निधीकडे गेले असतील. ते अर्ज करून परत मागता येतात. तोवर त्यांना 'येणे' खात्यात ठेवावे, आणि सगळे वारस समोर येईपर्यंत आपल्या वाट्याचा आकडा पेन्सिलीने लिहावा.