जरा इकडं बघा!

(लाल मखमलीच्या दोन भरजरी खुर्च्या. फोटोग्राफर दोन कॅमेरे सावरत घाईत येतो आणि प्रेक्षकांवर एक कॅमेरा रोखतो.)

ओ काका, पोट आत! तुम्ही नाही हो, शेजारचे... बघा, अख्ख्या रांगेनं आत घेतलं.

आमचा स्टुडिओ कराडात, वडिलांपासूनचा. त्यांच्या वेळी एका रोलमध्ये 36 फोटो. कुणी मामा 'माझा एक काढ की' म्हणाला, की वडील नुसता फ्लॅश उडवायचे. मामा खूश, रोल शिल्लक! आता कार्डात हजारो मावतात, त्यामुळं मामा हलतच नाही.

(डोळ्याला कॅमेरा लावून) 'सावधान!' अंतरपाट खाली... आणि नेमकं त्याच क्षणी सगळं कार्यालय तांदूळ फेकतं. ऑटोफोकसला जे पुढं दिसेल ते तो धरतो. नवरा-नवरी धूसर, तांदूळ मात्र सुरेख! इंद्रायणी की कोलम, फोटोवरून सांगतो.

पण खरं लग्न कळतं ग्रुप फोटोला. भांडण तुम्हाला ऐकू येतं, मला दिसतं. दोन सख्खे भाऊ, मध्ये दीड फूट जागा. तो बांध! मी म्हणतो, 'जरा सरका.' सरकतात. लांब.

(पदर सावरल्यासारखं करत) 'मला नको बाई फोटो.' ही आत्या. हिला खरंच वगळलं, तर पुढच्या लग्नाचं काम गेलं. म्हणून तिचे दोन काढायचे. एक हसताना, एक 'नको नको' म्हणताना.

अल्बम झाला की नवरीची काकू दुकानात हजर. 'या पानावरचे आमचे मोठे दीर काढा.' काढले. रिकामं दिसायला लागलं, म्हणून तिथं फुलदाणी ठेवली. सहा महिन्यांनी काकू परत. 'मिटलं हो आमचं. दीर घाला.' घातले. पण फुलदाणी काकूंच्या मनात भरलेली! आता दीर तिच्या मागं उभे. मुंडकं तेवढं दिसतंय.

तेव्हापासून मूळ फोटो मी पुसत नाही. लोक विचारतात, कधीपर्यंत ठेवता? म्हटलं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत!

(फोन वाजतो. नाव बघून ताठ उभा राहतो.)

बोला अण्णा... बघितला अल्बम?... फुलदाणी काढू?... (फोनवर हात ठेवून, प्रेक्षकांना) दीर! (पुन्हा फोनवर) काढली असती हो अण्णा, पण काकू म्हणतात, ती घरचीच आहे.

(अंधार.)